उतारावरचा पाय

मी ब्रेकची डिस्क बोलतेय. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाआड बसवलेली लोखंडी थाळी. चाक काढल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, आणि चाक काढायची वेळ आली म्हणजे बहुधा माझंच काहीतरी बिघडलेलं असतं. थकलेय, म्हणून फार सजवून सांगणार नाही.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, तो माझा जन्म. मग लेथवर चढवून मला तासलं, गुळगुळीत केलं. माझ्या दोन बाजूंच्या मधोमध वारा खेळायला फटी ठेवल्या. काम सोपं होतं. चाकाबरोबर फिरायचं, आणि ब्रेकच्या गाद्यांनी, म्हणजे पॅडनी, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की थांबायचं. गाडी पळाली की लोक इंजिनाचं कौतुक करतात. गाडी थांबली याचं कौतुक केलेलं मी तरी ऐकलं नाही.

आमची गाडी मुळातच जड. एका बापाने ती मुलीसाठी घेतली होती. मुलगी टेकडीवरच्या शाळेत गणित शिकवायची. तिचे पाय लहानपणापासून चालत नव्हते आणि तिची मोटारवाली व्हीलचेअरच दोन धडधाकट माणसांच्या वजनाची होती. मागची सीट काढून दाराला उतरती फळी लावली होती. त्या फळीवरून ती खुर्चीसकट आत यायची.

"चला मास्तरीणबाई, घंटा होईल," बाबा म्हणायचे.

"घंटा माझ्यासाठी थांबत नाही. तुम्हीही थांबू नका," ती म्हणायची.

टेकडी चढताना मला विशेष काम नसे. उतरताना मात्र सगळा भार माझ्यावर. बाबा फार जपून गाडी चालवत. इतके जपून, की माथ्यावरून निघाल्यापासून पायथ्यापर्यंत त्यांचा पाय ब्रेकवरच असे. जोरात दाबलेला नाही, पण उचललेलाही नाही. नुसता टेकलेला. नुसता टेकवला तर कुणाला काय त्रास, असं माणसाला वाटतं. मला विचारा. पॅड सतत अंगाला घासत राहायचे. तापून तापून माझ्यावर निळे डाग पडले, कडेला बारीक चिरा गेल्या, आणि मी किंचित वाकडी झाले. ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरू लागलं.

"बाबा, तुमचे हात का थरथरतायत?" मुलीने एकदा मागून विचारलं.

"रस्ता खराब आहे गं."

रस्ता नुकताच केलेला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर, अर्ध्या उतारावर ब्रेकचं तेल उकळलं. बाबांनी पाय दाबला आणि पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी धरायला तयार होते, पण तेलाची वाफ झाल्यावर पॅडना माझ्याकडे रेटणारा जोरच उरला नव्हता.

"घट्ट धरून बस गं!" बाबा ओरडले आणि वळणावर एका बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगात त्यांनी गाडी घुसवली. गाडी रुतली. धुरळा खाली बसला.

खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. मुलीला खरचटलंही नाही. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिले.

"बाबा, मी आहे. मागे वळून बघा तरी."

त्यांना वळवेना.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने चाक काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "दुरुस्त करा, मी विकून टाकतो. मला आता नाही चालवायची."

"मग मी शाळेत कशी जाऊ?" मुलीने विचारलं.

"घरी शिकव. मुलं येतील की घरी."

"मुलं येतील हो. पण मी घराबाहेर कधी येऊ?"

मुलीने खुर्ची मिस्त्रीकडे वळवली. म्हणाली, "नवीन काय घालायचं ते बघू या."

मुलीचा मामा आधीच दुकानातून एक खोकं घेऊन आला होता. आत चकचकीत, भोकाभोकांच्या डिस्क. "शर्यतीच्या गाड्यांना असल्याच असतात! नक्षी बघ नक्षी!"

मुलीने एक उलटसुलट करून पाहिली. "एवढं वजन, लांब उतार आणि रोजचं तापणं. यात ही टिकेल?"

"भोकांपाशीच आधी चिरा जातात," मिस्त्री म्हणाला. "साधी, जाड, मधून वारा जाणारी घ्या. आणि दोन्ही चाकांना एकदमच. एक जुनी एक नवी ठेवली तर गाडी एका बाजूला ओढेल."

"आणि पॅड?"

"एक मऊ असतात. आवाज नाही, धूळ नाही. दुसरे कडक. गार असताना किंचाळतात, चाकं काळी करतात, पण तापल्यावर सोडत नाहीत."

"अगं, शाळेच्या दारात शोभा होईल!" मामा म्हणाला.

"होऊ दे. किंचाळणं ऐकायची सवय आहे मला, सातवीचा वर्ग आहे माझ्याकडे."

मामा हसला आणि त्याने खोक्याचं झाकण लावलं.

मिस्त्री बाबांकडे वळला. "साहेब, उतारावर पाय ब्रेकवरच असतो का?"

बाबांनी मान खाली घातली. "मागे ती असते ना."

"खालचा गियर टाका. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. लागेल तेव्हा नीट दाबा आणि पाय काढून घ्या."

मुलीने खुर्ची त्यांच्याजवळ आणली. "बाबा, पाय उचललात म्हणजे मला सोडलंत असं होत नाही."

नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, तेलही नवं भरलं. बापलेक टेकडीवर गेले. मी भिंतीशी पडून वाट बघत होते. वाट बघायचाही शीण येतो हो, एवढं झिजल्यावर.

गाडी फाटकात वळायच्या आधीच तिचं किंचाळणं ऐकू आलं. मिस्त्रीने चाकाजवळ हात धरून पाहिला. "बेताचंच तापलंय."

बाबांचा शर्ट घामाने भिजला होता. त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"काय मग, विकायची ना?" मामाने विचारलं.

"एवढं ओरडणारी गाडी घेणार कोण?" बाबा म्हणाले. मुलगी मागे बसून हसत होती.

आता माझ्यावर गंज चढलाय. फिरणं थांबलं की तो रात्रीतून येतो. भंगाराची गाडी येईल, पुन्हा भट्टी, पुन्हा कुठलातरी साचा. तुमच्या चाकाआडही माझी एखादी बहीण असेल. कधीतरी चाक काढून तिची विचारपूस करा, तिला स्वतःहून बोलता येत नाही.

आणि मला पुन्हा ओतणारा कधी भेटला, तर त्याला सांगा, तिला रस्त्याकडेच्या बाकाचा पाय करा. लोक येतील, घटकाभर टेकतील, वाटेल तेव्हा उठून जातील. मला कुणाला थांबवावं लागणार नाही.