खांद्यांवर साप असलेल्या साहेबाचा तिसरा अंक

मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही. लावा पैज! अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात इराणचा राजा पोटात घेऊन फिरलेला मी एकटाच. मित्रांनो, मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे. मालिकेतला तिसरा आणि शेवटचा.

मला महनाज नावाच्या बाईनं रचलं. ती इराण सोडून पुण्यात आलेली लेखिका. तिची भाषा इथं वाचणार कोण? म्हणून तिनं चित्रं काढली, आणि एका मैत्रिणीनं त्यांत मराठी शब्द घातले. तिच्या देशाच्या जुन्या कथेत एक राजा आहे. त्याच्या दोन्ही खांद्यांवर साप उगवलेत, आणि त्यांना रोज दोन तरुणांचा मेंदू लागतो. महनाजनं त्या राजाला एका कचेरीच्या खिडकीमागं साहेब म्हणून बसवलं. ती राहण्याचा परवाना वाढवून मागायला गेली, की एक साप म्हणे, ‘भाड्याचा करार?’ तो दिला की दुसरा म्हणे, ‘हा जुना झाला, नवा आणा.’ कथेतला लोहार कामाच्या वेळी पुढं बांधायच्या चामड्याचा झेंडा करून राजापुढं उभा राहतो. माझ्यात महनाज नाकारलेल्या अर्जाचाच झेंडा करते. पुढं काय झालं, ते सांगतो. दम धरा.

तेर गावाकडच्या एका वाचनालयात, ते चालवणाऱ्या रोहिणी मॅडमनी मला आणलं. पोरांनी इतकं वाचलं की माझे कोपरे पुरीसारखे फुगले. मग नवे कारभारी आले. मला दोन बोटांत धरून म्हणाले, ‘इराणचा राजा आपल्या पोरांना काय करायचाय? परीक्षेला येतो का?’

असा संताप आला म्हणता! पोथी असतो तर कपाळाला लावलं असतं. चित्रं आहेत म्हणून पोत्यात? जुनी पंचांगं खाली, लग्नपत्रिका वर, मध्ये मी.

पोतं तेरखेड्याला गेलं. तिथं फटाके होतात, आणि त्यांच्या नळ्या रद्दीच्या वळतात. कांडीवर कागद, कागदाला खळ, तळहाताचा एक फिरका, झाली नळी. नळ्या वळणाऱ्या धुरपदाबाईंनी मला उलटून धरलं आणि त्यांचा हात थांबला.

“नागसेनभाऊ, ह्या बाप्याच्या खांद्यावर साप हायेत बगा.”

खळ शिजवणारे नागसेन वाकले. “अन् म्होरं बाई उबी हाय, कागदं घिऊन.”

“वाचा की मग!”

जेवणाच्या सुट्टीत नागसेननी मोठ्यानं वाचलं. धुरपदाबाईंनी भाकरी तशीच ठेवली. “माझ्या पेन्शनीलाबी असंच म्हणला हुता एक मुडदा! जित्ती असल्याचा दाखला आन म्हनं. त्येच्या म्होरं उबी हुते की मी!” पुढं त्यांनी राजाला अशा शिव्या दिल्या, की दोन्ही सापांनी लाजून माना आत घेतल्या. शप्पथ!

तेव्हापासून मी त्यांच्या ओसरीवर असतो, आणि तुम्ही वाचायला येता. मित्रांनो, पुस्तक नको झालं तर दुसऱ्याला द्या. एवढा लांबून आलेला माणूस दारात आला, तर निदान त्याचं सगळं ऐकून तरी घ्या.

हां, तर शेवट. महनाजचा झेंडा बघून राजा खुर्चीतून गडगडला. साप चिंध्यांसारखे गळाले. जन्मभराचा परवाना हातात देऊन तिची मिरवणूक काढली, हलगी लावून, पुण्यापासून थेट आपल्या इथल्या ढोकीपर्यंत! माझ्या शेवटच्या पानावर छापलंय...

“छापलंय म्हनं!” धुरपदाबाई दारातूनच ओरडल्या. “खोटारड्या! आमी रद्दी मागनं फाडतो. चित्र नदरंला पडायच्या आदीच तुजी शेवटली चार पानं म्या नळ्यांत वळली, अन् ती कुनाच्या तरी वरातीत उडालीबी. त्या बाईला ऱ्हाऊ दिलं का हाकलली, ते तुलाबी ठावं न्हाय अन् मलाबी न्हाय.”