खिडकीतली खुर्ची

अख्खं कॉलेज मला मावशी म्हणतं. त्यात खरी भाची एकच. कँटीनच्या खिडकीशी मी एकवीस वर्षं उभी आहे. कुपन घ्यायचं, ताट सरकवायचं. सकाळी प्रार्थना झाली की रोज एक नेम घेते: सूर्य मावळेपर्यंत कुणाला टोचून बोलायचं नाही. रांगेतली पोरं बघता तो पाळणं सोपं नाही, पण पाळते.

वर्षभर गुडघे ऐकत नाहीत. खिडकीशी एक उंच खुर्ची हवी, एवढंच माझं मागणं. व्यवस्थापक दर वेळी म्हणायचे, "बघू."

भाची मुलांनीच चालवलेल्या मासिकाची संपादक. कपडे, खोलीची सजावट, कुठे काय खावं, असं सगळं त्यात असतं. शिवाय दर सत्राला एक मेळावा. या वेळचा विषय होता ‘आपली माणसं’.

"मावशी, तू बोलायचंस. प्राचार्य समोरच असतील, खुर्चीचं तिथेच सांगून टाक."

"मला कुठे बोलता येतं?"

"मला झापताना बरं येतं."

मी चार ओळी लिहून पाठ केल्या. रोज प्रार्थनेनंतर देवालाच म्हणून दाखवायचे.

मेळाव्यात मला पहिल्या रांगेत बसवलं. गाणी झाली, कपड्यांचं प्रदर्शन झालं, मग बूट विकणाऱ्या कंपनीचे एक गृहस्थ बोलायला उठले ते थांबेचनात. प्राचार्य घड्याळ बघत निघून गेले. मला वर बोलावलं, फुलं दिली, फोटो काढला आणि खाली सोडलं. कागद मुठीतच राहिला.

"वेळच संपला गं," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची नवा अंक घेऊन खिडकीवर आली. त्यात माझा जुना फोटो, खाली कालचा वृत्तांत. त्यात लिहिलं होतं: मावशी भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "मुलांसाठी उभं राहण्यात थकवा कसला? मला काही नको."

"हे मी कधी म्हटलं?"

"अगं, छापखान्याला अंक आदल्या दिवशी द्यावा लागतो. वृत्तांत आम्ही नेहमी आधीच लिहून ठेवतो. तुझ्या स्वभावाला शोभेल असंच लिहिलंय."

"आणि खुर्ची?"

"ते अंकात जरा रडकं वाटलं असतं. तू बोलणारच होतीस ना."

मी पुढच्या पोराचं कुपन घेतलं. नेम होता.

आठवड्याने व्यवस्थापकांकडे पुन्हा गेले. त्यांनी ते पान कापून भिंतीवर चिकटवलं होतं. त्यावर बोट ठेवून ते हसले. "तुम्हीच म्हणालात ना, काही नको? प्राचार्यांना फार आवडलं. आता खुर्ची मागितली तर बरं दिसेल का?"

दुपारी भाची मैत्रिणीला घेऊन नेहमीसारखी रांग सोडून बाजूने आली. "मावशी, दोन चहा, पटकन."

ऊन अजून खिडकीत होतं.

"रांगेत उभी राहा," मी म्हटलं. "उभं राहण्यात थकवा कसला?"