अर्धी दाढी

खारूच्या बाबांच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. माणूस केस कापायला येतो तो निम्मा गप्पा ऐकायलाच. दुकानात खुर्च्या तीन, पण गिऱ्हाईक ताटकळायचं ते मधल्या खुर्चीसाठी, कारण तिथं बाबा कापत. कात्री थांबलेली लोकांना चालायची, जीभ थांबली की ते घड्याळ बघायचे. घरी मात्र हाच माणूस जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागायचा. दिवसभर बोलून दमतात बिचारे, असं आई म्हणायची, आणि खारूनं ते सतरा वर्षं खरं मानलं होतं.

खारू हे घरातलं नाव. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. गेल्या वर्षी मात्र ती बसली ती बसलीच. कॉलेजला जाईना, जेवेना, खिडकीचा पडदा कुणाला सरकवू देईना. आणि एका दुपारी, आई बेकरीत कामावर आणि बाबा दुकानात असताना, ती इमारतीच्या गच्चीवर गेली. परत यायचं नाही असं ठरवून गेली, हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. पाण्याच्या टाकीला टेकून तासभर बसून राहिली. मग वारा सुटला. दोरीवर कुणाची तरी चादर वाळत होती, तिचा चिमटा निसटला आणि चादर निघाली उडून. खारू उठली, चादर पकडली, चिमटा शोधून पुन्हा लावला, दुसऱ्या टोकाचाही नीट बसवला. आणि आता उठलेच आहे तर, म्हणून चार मजले उतरून घरी आली. एवढंच घडलं. कुणी हाक मारली नाही, कुणी पाहिलंही नाही.

चार दिवसांनी तिनं ते बाबांना सांगितलं. आईला नाही, बाबांना. दुकानातले बाबा वेगळे आणि घरातले वेगळे, अशी तिची समजूत. जो घरात चकार शब्द काढत नाही त्याच्या पोटात गोष्ट राहील, असा तिचा सरळ हिशेब होता. दोघं जिन्याच्या पायरीवर बसले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली. नाही सांगणार, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकान कारागिरावर टाकून तेच तिला केंद्रात घेऊन गेले. तेवढं श्रेय त्यांचं, ते त्यांना द्यायला हवं.

केंद्र म्हणजे वाचनालयामागच्या दोन खोल्या आणि एक हॉल. मन बिघडलेल्या, बिथरलेल्या पोरापोरींना आणि त्यांच्या घरच्यांना तिथं आधार मिळायचा. समुपदेशक होत्या त्यांना सगळेच ताई म्हणत. ताई फार उपदेश करत नसत. तिसऱ्या भेटीत त्यांनी खारूला एकच विचारलं, चिमटा कुणी लावला? मी, असं खारू म्हणाली. मग हे विसरायचं नाही, असं ताईंनी बजावलं. तुला कुणी उतरवलं नाही, तू उतरलीस. खारूनं ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं. मन पुन्हा खाली जायला लागलं की ती स्वतःला सांगायची, त्या दिवशी मी आपणहून उठले होते. सगळ्या वर्षात तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं हेच होतं. त्यावर ती कॉलेजला परत गेली, त्यावर ती जेवायला लागली.

आईबापांसाठी दर मंगळवारी मंडळ बसायचं. त्याचे नियम दोन. इथलं बोलणं इथंच ठेवायचं, हा पहिला. दुसरा जास्त कडक होता. मुलाबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. मी काय केलं, मला काय वाटलं, तेवढंच. मंगळवारी दुकान बंद असे, त्यामुळे बाबांना सबब उरली नाही. पहिले दोन मंगळवार कुरकुरत गेले. मग कुरकूर थांबली. मग ते अर्धा तास आधीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊ लागले. एकदा जेवताना भाजी चांगली झाली आहे असं मोठ्यानं म्हणाले, तेव्हा आई चाटच पडली. बाबा बरे होत आहेत, असं खारूला वाटलं आणि मनातून हसूही आलं, कारण आजारी तर ती होती.

दुकानातले टॉवेल आई घरी धुवायची. एका दुपारी घडी घातलेले टॉवेल घेऊन खारू मागच्या दारानं दुकानात शिरली. मागं टॉवेल ठेवायचं फडताळ आणि मध्ये पडदा. पडद्यापलीकडून गिऱ्हाइकाचा आवाज आला, ती गच्चीची गोष्ट सांगा की, आमच्या मेहुण्यांना ऐकायची आहे.

खारूचे हात टॉवेलांवरच राहिले.

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. गोष्ट सुरू झाली. त्या दुपारी ते याच खुर्चीवर एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्या गालावर नुसता फेस. एकाएकी त्यांच्या छातीत धस्स झालं. पोर, असा एकच शब्द मनात आला. वस्तरा टाकला आणि धावले. गिऱ्हाईक ओरडतंय, अहो, अर्धी दाढी राहिली, आणि बाबा रस्त्यात. चार मजले चढले, गच्चीचं दार ढकललं, लेक कठड्याशी उभी. त्यांनी हाक मारली नाही. दबक्या पावलांनी गेले आणि हात धरला. इथं बाबांचा आवाज जड झाला. मग त्यांनी खारूचा आवाज काढला. बारीक, रडवेला. बाबा, तुम्ही आला नसता तर.

मेहुण्यांनी जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. पहिलं गिऱ्हाईक मात्र नाराज होतं. "परवा सांगितलीत तेव्हा तो अर्धी दाढीवाला फेसासकट तुमच्या मागं जिना चढला होता," तो म्हणाला. "आज गाळलात त्याला. ते भारी होतं."

बाबा हसले आणि म्हणाले, वेळ कमी होता हो, तुमची मान राहिली आहे अजून.

खारूनं टॉवेल फडताळात ठेवले. ठेवले म्हणजे अगदी कडा जुळवून ठेवले, आणि मागच्याच दारानं बाहेर पडली. गुपित फुटलं याचा राग होताच, पण तो मोठा नव्हता. गुपितं फुटतात. बाबांनी ती कठड्याशी उभी केली होती, तिच्या तोंडात तिनं कधी न म्हटलेलं वाक्य घातलं होतं, आणि ती जिथून स्वतः उठली होती तिथून तिला हात धरून आणलं होतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ असतात. पण सख्ख्या बापानं लेकीच्या पिठावर ओढाव्यात, आणि त्याही गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी? केंद्राच्या निमित्तानं आईलाही एव्हाना सगळं ठाऊक झालं होतं; तिला सांगितलं तर ती म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा. घरातल्या सगळ्या पापांवर आईकडे हे एकच औषध होतं.

खारू ताईंकडे गेली. तिला वाटलं होतं, ताई हादरतील. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मला माहीत आहे.

मंडळात बाबा तीच गोष्ट सांगत होते. दोन महिने. ताई समोर बसून ऐकत होत्या, आणि त्याच आठवड्यात याच खोलीत खारूकडून चादरीचं ऐकत होत्या. दोन्हीकडे मान डोलवत होत्या. खारूनं विचारलं, मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही? ताईंनी समजावलं की ते आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलत होते, अशा वेळी माणसाला अडवलं तर तो कायमचा मिटतो. शिवाय त्या गोष्टीनं आणखी चार बाप बोलते झाले. आणि आता पुढच्या आठवड्यात केंद्राचा मेळावा होता, साठेक माणसं येणार होती, आणि बोलणाऱ्यांत बाबांचं नाव पत्रिकेत छापूनही झालं होतं.

"आणि मी सांगते ते?" खारूनं विचारलं.

"तुझं खरं तुझ्याजवळ आहेच ना," ताई म्हणाल्या. "ते कोण काढून घेतंय?"

कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, हे खारूला समजेना. ती त्या संध्याकाळी बाबांची वाट बघत जिन्यात बसली. बाबा आले, तिला बघून थबकले, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच काय ते समजले. आधी म्हणाले, कुणी सांगितलं तुला? मग म्हणाले, अगं, थोडं तिखटमीठ लागतंच. मग तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि खरं बोलले. बहुधा तेवढंच एकदा.

मंडळात त्यांची पाळी आली तेव्हा नियम असा की लेकीबद्दल बोलायचं नाही, मी काय केलं तेवढंच सांगायचं. त्यांच्या आधीच्या माणसानं मुलाच्या खोलीचं दार फोडलं होतं. त्याच्या आधीची बाई आठ दिवस दवाखान्यात जमिनीवर झोपली होती. सगळे बाबांकडे बघत होते.

"मी काय सांगणार होतो, खारू?" बाबा म्हणाले. "त्या वेळी मी एका माणसाची दाढी करत होतो. पूर्ण केली. पैसे घेतले. पुढचं गिऱ्हाईक बसवलं. मला काही धस्सबिस्स झालं नाही गं. तू वर होतीस आणि मी विनोद सांगत होतो."

खारूला रडू आलं. राग तसाच होता, पण या माणसाची कीवही आली, दोन्ही एकदम. ती म्हणाली, "मग हेच सांगा. असंच."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. तू मेळाव्याला ये, म्हणाले. पहिल्या रांगेत बस. तुझ्यासमोर खरं सांगतो. ते म्हणत होते तेव्हा त्यांच्या मनात तसंच होतं, याबद्दल खारूला शंका नव्हती. म्हणूनच ती गेली. जायचं ठरवलं त्या दिवसापासून तिला झोपही नीट लागू लागली.

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. बाबा उभे राहिले, माइकवर टिचकी मारली, पहिल्या रांगेत खारूकडे बघितलं. मी त्या दिवशी एका माणसाची दाढी करत होतो, असं म्हणाले. खारू पुढे सरकून बसली. डावा गाल झाला होता, बाबा म्हणाले, आणि थांबले. साठ माणसं कान देऊन बसलेली. आयुष्यभर तीन खुर्च्यांसमोर बोललेल्या माणसाला एवढे कान एका वेळी कधी मिळाले नव्हते. त्यांची नजर खारूवरून निघाली आणि मागच्या रांगांवर गेली.

"आणि एकाएकी," ते म्हणाले, "छातीत धस्स झालं."

पुढचं सगळं यथासांग झालं. अर्धी दाढीवाला या वेळी जिना चढला, आणि लोक रडता रडता हसले. बारीक आवाजही काढून झाला. टाळ्या थांबेनात. शेजारच्या बाईनं खारूला मिठी मारली आणि नशीबवान आहेस म्हणाली. खारू त्या मिठीत लाकडासारखी उभी राहिली. खोटं सांगितलं म्हणून एकदा दुखलं होतं, पण तिला बोलावून, समोर बसवून सांगितलं, हे तिला सहन होईना.

माणसं पांगायला लागली तेव्हा दवाखान्याच्या गणवेशातली एक बाई बाबा आणि खारूपाशी आली. कामावरून तशीच आलेली, पायांत अजून कामाचे रबरी बूट. तिला पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्यानं दोनदा तसा प्रयत्न केला होता. नवरा नव्हता. ती बाबांचं कौतुक करायला आली होती, पण बोलता बोलता तिचा चेहराच उतरला. "तुम्हाला वेळेवर कळलं हो," ती म्हणाली. "मी बारा तास ड्यूटीवर असते. मला कधी काही कळलं नाही. माझ्या पोराचा हात कोण धरणार?"

याला उत्तर खारूकडे होतं.

"मावशी," ती म्हणाली, "माझा हात कुणी धरला नव्हता. वर कुणीच नव्हतं. बाबा दुकानात होते. एक चादर उडून चालली होती, ती धरायला मी उठले आणि मग आपली आपण खाली आले. एकटीनं येता येतं. त्याला सांगा तुम्ही."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं. "खरं म्हणतेस?" असं तिनं विचारलं, आणि विचारताना नजर मात्र बाबांकडे वळवली. मागं पत्रिका गोळा करणाऱ्या चारपाच जणांनीही माना वळवल्या.

बाबांनी खारूच्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी मायेनं फिरवला.

"तिला त्या दिवसांतलं नीट आठवत नाही अजून," ते हलक्या आवाजात त्या बाईला म्हणाले. "औषधं चालू आहेत ना."

खारूनं ताईंकडे बघितलं. ताई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं होतं. त्यांनी खारूची नजर चुकवली, छातीशी धरलेल्या पत्रिका सारख्या केल्या आणि मागच्या लोकांना चहा निवतोय म्हणून सांगायला निघून गेल्या.

त्या बाईच्या चेहऱ्यावरचं उजळलेलं विझलं. तिनं समजूतदारपणे मान डोलवली आणि खारूचा गाल थोपटला. "आठवेल हो बाळा," ती म्हणाली, "हळूहळू सगळं आठवेल."