बोळकांडीतली पावलं

"थांबव. मागे घे. पुन्हा लाव."

"पाचव्यांदा लावतेय, लेआंद्रो," बेर्ता म्हणाली. "काही नाहीये त्यात. रिकामी बोळकांडी आहे."

"तू लाव तर खरं."

टेप सुरू झाली. आधी नुसती वाऱ्याची घुरघुर. मग खूप लांबून दोन पावलं आली आणि तिसऱ्याला टाच घासली. पुन्हा दोन, पुन्हा फरफट. शेवटी, जणू दारापाशी येऊन, कुणीतरी दोनदा बूट आपटले.

लेआंद्रो सोरिता मोज्यांवरच लाकडी फळीवर उभा होता. सिनेमातल्या माणसांना पावलांचे आवाज पुरवणं हा त्याचा धंदा. माद्रिदच्या त्या तळघरातल्या स्टुडिओत तो वीस वर्षं दुसऱ्यांसाठी चालत आला होता. पाद्र्यांसाठी, खुन्यांसाठी, उंच टाचांचे बूट घालून नवऱ्याला सोडून निघालेल्या बायकांसाठीसुद्धा. पडद्यावर त्याचं नाव यायचं तेव्हा लोक कोट चढवून दाराकडे निघालेले असायचे.

या खेपेचा सिनेमा एका गाजलेल्या कादंबरीवरचा रहस्यपट होता. काळ १९४९ चा. नोंदवहीतून नाहीशा झालेल्या कैद्याचा शोध घेत एक न्यायाधीश तुरुंगात येतो, बोळकांडीच्या टोकाला उभा राहतो, आणि कुणीच येत नाही. एवढाच प्रसंग. चित्रीकरण खऱ्याखुऱ्या, पंचवीस वर्षं बंद पडलेल्या तुरुंगात झालं होतं.

"आवाज घेताना आत कोण होतं?"

"कुणी नाही. दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती." बेर्ता दिग्दर्शिका होती, सहसा न घाबरणारी. आता तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "उंदीरबिंदीर असेल रे. पुसून टाक ते."

"उंदीर बूट झटकत नाही," लेआंद्रो म्हणाला.

ही चाल त्याला ठाऊक होती. चार-पाच वर्षांचा असताना तो टेबलाखाली बसून जिन्यावर ती वाजण्याची वाट बघायचा. ट्रामवर कंडक्टर असलेल्या बापाचा डावा घोटा कधीकाळी मोडला होता. दाराशी आला की तो दोनदा बूट आपटायचा. मग एक दिवस तो अर्जेंटिनाला निघून गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर मांडलं. आईनं तसंच सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी लेआंद्रोनं बापाचा एकुलता एक फोटो फाडून चुलीत घातला होता. आईनं तेव्हा त्याला अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो छोटा रेकॉर्डर घेऊन वाल्येकासला आईकडे गेला. आई, कासिल्दाबाई, मसूर निवडत बसली होती.

"जेवून आलायस की तसाच?"

"तसाच. आई, आधी एक ऐक. कामातलं आहे."

"मला काय कळतंय तुझ्या कामातलं!" म्हणत तिनं ताट बाजूला सारलं.

वारा घुरघुरला. पावलं सुरू झाली. आईच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. फक्त मसुराचे चार दाणे तिच्या मुठीतच राहिले. पावलं जवळ येत गेली, थांबली, आणि तिनं बोट वर केलं.

"आता बूट झटकेल," ती म्हणाली.

ठक. ठक.

मग तिनं विचारलं, "कुठे सापडलं हे तुला?"

त्यानं तुरुंगाचं नाव सांगितलं.

"दर गुरुवारी जायचे मी तिथे. धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. अकरा गुरुवार गेले. बाराव्याला शिपायानं गाठोडं तसंच परत दिलं. म्हणाला, बाई, आता आणू नका."

"मग अर्जेंटिना?"

"तू शाळेत जायचा होतास."

"म्हणून?"

"बाप पळून गेला म्हटलं तर पोरं चिडवतात, बस. बापाला सरकारनं गोळी घातली म्हटलं की मास्तर पोराला मागच्या बाकावर बसवतो, आणि मोठेपणी त्याला नोकरी मिळत नाही. मी पळपुटा निवडला."

"मी फोटो जाळला, आई."

"माहीत आहे. मीच तर चुलीजवळ उभी होते."

त्याला ओरडावंसं वाटलं, पण तिच्या मुठीतले दाणे दिसले आणि ते राहूनच गेलं. चाळीस वर्षं त्या माणसाला तो मनातल्या मनात शिव्या घालत आला होता.

बेर्ताला त्यानं सगळं सांगितलं. तिनं टेप परत लावली, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"आपण हे ठेवू या," ती हळूच म्हणाली. "लेआंद्रो, थेटर हादरेल."

"म्हणूनच नको."

"तुझ्या वडिलांचा आवाज आहे अरे."

"लोकांना घाबरवायला तो चालत नव्हता, बेर्ता. घरी यायला चालत होता."

तिनं पुढे हट्ट धरला नाही. लेआंद्रोनं स्वतः बसून पट्टीचा तो तुकडा कापला, त्या जागी निव्वळ वारा जोडला आणि दहा वेळा ऐकून खात्री करून घेतली. पावलाचा मागमूसही उरला नव्हता.

सिनेमा शरद ऋतूत लागला. आई आली नाही. "मला बोलपट ऐकू येत नाहीत," म्हणाली. लेआंद्रो मधल्या रांगेत एकटाच बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती.

न्यायाधीश बोळकांडीच्या टोकाला येऊन उभा राहिला. सगळं थेटर श्वास रोखून बसलं. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता.

रांगेच्या टोकाला बसलेल्या बाईनं, पडद्यावरची नजर न काढता, पाय आत ओढून घेतले. कुणाला आत जायचं असलं की घेतात तसे. मग तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं घेतले. मग त्याच्या पलीकडच्या मुलीनं मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली आणि गुडघे वळवले.

लेआंद्रोनं हातातली टोपी बाजूला घेतली आणि अर्धवट उठून वाट दिली.