मे महिन्यापुरती जागा

रज्जाक मिस्त्रींवर अन्याय झाला तो गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना, होटगी रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या फाटकापासून शंभरेक पावलांवर. मी तिथे होते. वेळ पक्की आठवते, कारण त्या क्षणी एक आवाज संपला. सहा सिलिंडरांचा, खर्जातून वर चढत जाणारा तो भरदार नाद, चालत्या मागात धोटा अडकावा तसा एकाएकी तुटला. आधी धातूवर धातू घासल्याची बारीक किंकाळी, मग डांबरावर टायरांचा फरफटत गेलेला काळा ओरखडा, आणि त्यानंतर त्या पांढऱ्याफटक उन्हात अशी निःशब्दता, की मांडवाच्या कापडाची फडफड ऐकू यावी. इंजिन जाम झालं होतं. ते मिस्त्रींनी बांधलेलं होतं.

अन्याय त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात झाला. तो सांगण्याआधी माणूस सांगते.

त्यांचं वर्कशॉप आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. पत्र्याला पडलेल्या भोकांतून सकाळी उन्हाच्या बारीक दोऱ्या खाली सुटत, आणि त्या दोऱ्यांमध्ये पासष्टीचे मिस्त्री पाठीला किंचित बाक देऊन, एखादा सिलिंडर मांडीवर घेऊन बसलेले असत. सिलिंडर म्हणजे त्यांच्यासाठी यंत्राचा भाग नव्हताच. ते त्याला बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत, जसं आपण बाजारात माठ घेताना करतो. आतल्या भिंतीवरून ते नखाची पाठ फिरवत. पेराला तेल लागतं, नख खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे यायचं त्याला एकाग्रता म्हणावं की विस्मरण, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या मोर्च्यांच्या फलकांना लागणारा पुठ्ठा त्यांच्याकडच्या पिस्टनच्या खोक्यांतून येई. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत संताप लिहीत असे आणि ते शेजारी बसून शतांश मिलिमीटर मोजत असत. आमच्यात बोलणं फारसं होत नसे. आवाजाची गरज मला होती. ते नादावर जगत.

सर्वांत सुंदर हालचाल म्हणजे पिस्टन सोडण्याची. रिंगा न चढवलेला कोरा पिस्टन, तेलाचं बोट फिरवून, ते सिलिंडरच्या तोंडाशी धरत आणि हात काढून घेत. पिस्टन स्वतःच्या वजनाने खाली जाई. धाडकन गेला तर जागा जास्त, अडला तर कमी. जायला हवा तो पायरी-पायरीने बारवेत उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, भिंतीला न टेकता आणि भिंतीला न सोडता. त्या तीन-चार श्वासांत मिस्त्री स्वतःचा श्वास घेत नसत. मग पातळ पोलादी पत्ती घेऊन ते पिस्टन आणि भिंत यांच्यामधली फट मोजत, आणि कंपनीने सांगितलेल्या मापात केसाएवढी भर घालत.

"हे सोलापूर हाय, बेटा," एकदा विचारलं तेव्हा म्हणाले होते. "धातू तापला की फुगतो. हितं आतमधी मे महिन्यापुरती जागा ठेवावी लागते."

चादरी-टॉवेलांच्या कारखान्याचे मालक श्रीनुअण्णा यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक दोन दारांची स्पोर्ट्स गाडी होती. परदेशी बनावटीची, बसकी, मागच्या बाजूला इंजिन, आणि तेही पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होणारं. किती तरी वर्षं ती छपराखाली धूळ पांघरून पडली होती. अण्णांना ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती, वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या दिवशी. काम मिस्त्रींकडे आलं. मूळ कंपनीचे पिस्टन-सिलिंडर आता मिळत नाहीत. दुसऱ्या कारखान्यांनी केलेले, जुन्या मापाचे संच मागवावे लागतात. त्यातला कोणता घ्यायचा, हा सारा प्रश्न होता. वाचणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. एका माणसाचं नाव त्याच प्रश्नात गेलं.

दोन संचांचे नमुने आले. मिस्त्रींनी बाकावर पांढरा टॉवेल अंथरला, दोन्ही नमुने त्यावर ठेवले आणि एक अख्खा दिवस नुसते पाहत बसले. एकात ओतीव पिस्टन आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सिलिंडर: जड, मातकट, फारसं न बोलणारे, चूक पोटात घालणारे. दुसऱ्यात ॲल्युमिनियम ठोकून घडवलेले पिस्टन, वरून घुमटासारखे उंचावलेले, आणि त्यांच्या जोडीचे त्याच धातूचे सिलिंडर, आतून कठीण लेप दिलेले. उन्हं पत्र्याच्या एका भोकातून दुसऱ्या भोकात सरकत गेली, आणि तो घुमट सकाळी रुपेरी, दुपारी पांढरा, संध्याकाळी मधाच्या रंगाचा होत राहिला. अंधारू लागल्यावर मिस्त्रींनी दुसऱ्या संचावर हात ठेवला. तापलेला पिस्टन जितका फुगेल तितकाच त्याचा सिलिंडरही फुगेल. दोघं बरोबर वाढतील, बरोबर निवतील. "जोडी हाय ही, अण्णा," ते बघायला आलेल्या अण्णांना म्हणाले. "तोडू नका."

अण्णांनी जोडी तोडली. घुमटाचे पिस्टन सहाच्या सहा पोचले, पण त्यांचे सिलिंडर कुठल्याशा बंदरात अडकले, आणि निमंत्रणपत्रिका छापून वाटल्या गेल्या होत्या. तेव्हा अण्णांनी पहिल्या संचातले बिडाचे सिलिंडर घेतले आणि सांगितलं, हे त्यात बसवा. माप जुळत होतं. स्वभाव जुळत नव्हता. बीड सावकाश फुगतं. घडवलेला पिस्टन त्याच्या दुप्पट घाईने. मिस्त्रींनी सांगितलं, एकदाच, वर्कशॉपच्या दारात, मी बाकावर बसलेली असताना: अशा मिश्र जोडीत फट वाढवावी लागेल. अण्णांनी पिस्टनच्या खोक्यातलं कार्ड पुढे केलं. त्यावर फटीचं माप छापलं होतं. ते त्या पिस्टनच्या स्वतःच्या सिलिंडरसाठी होतं, बिडासाठी नव्हतं. हेही मिस्त्रींनी सांगितलं.

"मिस्त्री, तिकडं इंजिनिअर लोकं बसलेत की छापायला," अण्णा हसत म्हणाले. "तुमचा मे महिना आपल्या घरी ठेवा. कार्डावर हाय तेवढंच करा."

आणि मिस्त्रींनी तेवढंच केलं. इथे त्यांची चूक झाली, मी ती लपवणार नाही. या गल्लीतल्या सगळ्या वर्कशॉपांत एक रीत आहे: गिऱ्हाईक स्वतःचा माल घेऊन आलं तर शब्द त्याचा. मिस्त्रीने एकदा सांगायचं, एकांतात. नंतर हात चालवायचे, आणि त्या मालाविषयी चारचौघांत कधीही तोंड उघडायचं नाही. यजमानाच्या घरचं मीठ कमी आहे हे पंगतीत बोलत नाहीत, तसंच. सुंदर रीत आहे. तिने किती माणसं गिळली असतील कोण जाणे. मिस्त्रींनी नाही म्हणायला हवं होतं. अवजारं खाली ठेवायला हवी होती. त्यांच्या पिढीच्या हातांना घट्ट धरणं येतं, खाली ठेवणं येत नाही.

त्या रविवारी सकाळी अण्णांच्या बंगल्यात, पुण्यस्मरणाच्या मांडवासमोर गाडी सुरू झाली तेव्हा मात्र मी सगळं विसरले. नाद जमिनीतून तळपायात आला आणि बरगड्यांत जाऊन बसला. मिस्त्री धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत मांडवाच्या खांबाशी उभे होते; डोळे मिटलेले, मान एका बाजूला, एक बोट हवेत किंचित हलतंय. पण गाडी निघेना. हार, नारळ, फोटो, मग आणखी फोटो. वाऱ्यावर जगणारं इंजिन बिनवाऱ्याचं, मेच्या उन्हात, वीस-पंचवीस मिनिटं उभ्या जागी धडधडत राहिलं. मिस्त्रींचं बोट थांबलेलं मी पाहिलं. त्यांनी डोळे उघडले, एक पाऊल पुढे टाकलं, आणि पाहुण्यांकडे बघून तिथेच उभे राहिले. मग अण्णा गाडीत बसले, फाटकातून बाहेर पडले आणि त्यांनी एकदम वेग घेतला.

बाराला दहा कमी.

अण्णा उतरले. दार आपटलं. चालत मांडवापर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्रीचा हात गेला. माझंच चुकलं, म्हाताऱ्याला काम दिलं."

मागून कोणी तरी ओरडलं, "चाचा, बैलं जुंपू का?"

लोक हसले. फार नाही, जेवणाआधी हसतात तितके. मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं आणि हात पुसले. हात स्वच्छ होते. ते बराच वेळ पुसत राहिले. मग घडी घालून फडकं खिशात ठेवलं आणि उन्हातून पायी निघून गेले.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मला दुसरं काय येतं? नाव, वेळ, कार्डावरचं माप, बिडाचं माप, सगळं. वाचून दाखवायला गेले. मिस्त्री बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदाकडे बोट केलं.

"माल त्यांचा, दार त्यांचं, पाहुणे त्यांचे," ते म्हणाले. "तितं मी कसं बोलणार? फाड ते."

त्यांच्या बायकोने, मेहरूनचाचीने, आतून चहाचे कप आणून आदळले. "ह्यांच्या तोंडाला कुलूप, अन् चावी अण्णाच्या खिशात. तू कशाला घसा फोडतीस गं? बस, चहा पी."

मी पत्रक फाडलं. फाडताना राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसापासून माझ्या आत काही तरी नुसतं उभं आहे, ना गरम ना गार. घोषणा जिभेवर येतात आणि पिठासारख्या कोरड्या होऊन खाली पडतात.

पुढचं सगळं फार हळू घडलं, आवाज न करता. अर्धी उघडलेली दोन इंजिनं लोक परत घेऊन गेले, काही तरी कारणं सांगून. नवी आली नाहीत. पावसाळा गेला. पत्र्यातून उन्हाच्या दोऱ्या खाली येत राहिल्या आणि रिकाम्या बाकावर टेकत राहिल्या. दिवाळीच्या सुमाराला मिस्त्रींनी शटर ओढलं आणि दोघं दुधनीला मुलीकडे राहायला गेले.

मी मागच्या महिन्यात जाऊन आले. जावयाचं डाळीचं दुकान आहे. मिस्त्री दुकानाच्या मागच्या पडवीत सुपात तूर घेऊन खडे निवडत होते. त्यांची बोटं डाळीवरून तशीच फिरत होती, नखाची पाठ टेकवून, सावकाश. पण ऐकणं त्यांतून निघून गेलं होतं. समोरून एक ट्रॅक्टर ठोके चुकवत गेला. एके काळी त्या आवाजावर त्यांनी मान वर करून रोग सांगितला असता. त्यांनी मान वर केली नाही. दुःखी दिसत नव्हते. मला दुःखी दिसले असते तर बरं वाटलं असतं. निघताना मी विचारलं, चाचा, ते इंजिन उघडलं तर कळेल का काही? मग त्यांनी डाळीतच बोटाने एक गोल काढला आणि त्याच्या कडेवर चार ठिकाणी बोट टेकवलं.

"फट कमी पडली आसंल, तर पिस्टनला चार बाजूंनी ओरखडे. माझा हात चुकला आसंल, तर तसं दिसणार न्हाय." तो गोल पुसत म्हणाले, "कोण उघडतंय?"

म्हणजे साक्ष आहे. ती धातूत कोरलेली आहे, आणि ते इंजिन अण्णांच्या बंगल्याच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्याच कारखान्याची चादर पांघरून पडलं आहे. मी अण्णांना भेटले. ते वाईट माणूस नाहीत. मला बसवून सरबत दिलं. म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरायचं. मी उठले नाही. शेवटी म्हणाले, चार प्रतिष्ठित माणसं समोर असतील तर उघडू, तुझ्या एकटीच्या सांगण्यावरून नाही. येता रविवार त्यांनीच दिला. मला वाटतं, कोणी येणार नाही याची त्यांना खात्री आहे.

हे मासिक वाचणारे तुमच्यापैकी बरेच जण त्या मांडवात होते. जेवलात. हसलात. तुमच्या गाड्यांची, पंपांची, वडिलांच्या स्कूटरांची इंजिनं याच माणसाने बांधलेली आहेत, हे मला नावांनिशी माहीत आहे. तुमची मनंही मला माहीत आहेत. काळ माणसाला आधी पुसतो आणि मग त्याच्या आठवणी वाटायला बसतो. उद्या दुधनीहून वाईट बातमी आली की तुम्ही हळहळाल, शोकसभेला वेळेवर याल, पहिल्या रांगेत बसाल, आणि 'काय हात होता' असं म्हणायला उठाल. तेव्हा भरलेली ती खुर्ची मला नको. तेच पाय घेऊन येत्या रविवारी सकाळी दहाला अण्णांच्या दारात या, इंजिन उघडायला लावा, पिस्टन हातात घेऊन बघा, आणि जे दिसेल ते मोठ्याने बोला, माणूस ऐकायला जिवंत आहे तोवर.