रोज एक खोट

"मीठच नाही!"

पहिली हाक पोरांच्या ओळीतून आली. मग बायकांच्या. मग गोदामाच्या पत्र्याखाली नुसता गलका झाला.

"अळणी आहे हो, अळणी!"

"घास नुसता तोंडात फिरतोय."

"अहो, दुष्काळ पाण्याचा पडलाय ना? मिठाचा कधी पडला?"

हे शेवटचं टेलरमास्तरांचं. त्यांच्या जिभेला कात्रीइतकीच धार.

चुलीपाशी उभ्या असलेल्या धाकटीने वर पाहिलं. मिठाची पिशवी गाठ मारून खुंटीला टांगलेली होती.

पिशवी खुंटीला का?

मदतकेंद्राच्या स्वयंपाकघरात सेनापतींचा कायदा चालायचा. सेनापती म्हणजे आचारी. आयुष्यभर लग्नकार्यं सांभाळलेला माणूस, झारा तलवारीसारखा धरायचा, म्हणून हे नाव. केंद्र सुरू झालं तेव्हा तीन बायकांनी एकमेकींना न विचारता मीठ घातलं आणि अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. अशा दिवसांत! सेनापती त्या दिवशी कोपऱ्यात जाऊन रडले होते म्हणतात.

तेव्हापासून मीठ एकाच हाताने पडायचं, आणि तो हात धाकटीचा. मीठ घालून झालं की पिशवीला गाठ मारायची, खुंटीला टांगायची. पिशवी खुंटीवर दिसली की सेनापती ओरडणार, "वाढा!" चव कुणी बघायची नाही. शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत स्वयंपाकघरातल्या कुणी तोंडात कणही टाकायचा नाही. "चव बघता बघता तुम्ही बायका तळ गाठाल," असं सेनापतींचं म्हणणं.

आता सासूबाई

धाकटीच्या सासूबाईंनी जन्मभर लोकांना वाढलं. दारात आलेल्याला आधी "जेवलास का?" विचारायचं, "कोण तू?" हे नंतर. विहीर आटली, धान्याचा डबा वाजायला लागला, मुलगा कामासाठी परगावी गेला, पण बाईंचा ताठा होता तसाच.

"तिथे ओळीत बसून जेवायला माझे पाय वळायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

म्हणून धाकटी त्यांचा डबा भरून शेजारणीच्या हाती घरी पाठवायची. डबा जसाच्या तसा परत यायचा. भूक नाही. नंतर खाईन. आज पोट जड आहे.

"जड?" नर्सबाई धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या. "अगं, हाताला हाडं लागतात त्यांच्या. वजन असंच उतरत राहिलं तर शहरातल्या दवाखान्यात हलवावं लागेल. आणि खरं सांगू? या वयात तिकडे गेलेलं माणूस चालत परत येतंच असं नाही."

धाकटीने विनवलं. रुसून बघितलं. नवऱ्याला फोनवरून ओरडायला लावलं. काही उपयोग नाही.

मग एकदा घाईत तिने मीठ घालायच्या आधीच डबा भरला, आणि तो घेऊन स्वतःच घरी गेली. सुनेचं तोंड बंद करावं म्हणून सासूबाईंनी घासभर खाल्लं.

"मीठ?"

दुसरा घास. "छे, नाहीच."

तिसरा. "कणभरसुद्धा नाही! तुझ्या आईने तुला चूल दाखवली होती की नुसता चुलीचा फोटो?"

तिथून गाडी धाकटीच्या माहेरावर, तिच्या मावशीवर, मावशीच्या जाऊबाईवर गेली, आणि डबा अर्धा रिकामा झाला. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. हसू दिसू नये म्हणून.

खोटी

करपलेलं (तळाचं खरवडून, मुद्दाम).
"कोळसा खायची वेळ आली म्हणायची."

पातळ.
"पाण्याचा एवढा सुकाळ झाला आणि मला कुणी सांगितलं नाही!"

कच्चं.
"उरलेत ते दातही पाडायचा विचार दिसतोय."

एक दिवस काहीच बिघडवायला जमलं नाही. "बरं होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि डबा भरलेलाच परत आला. तेव्हापासून धाकटीने बरं जेवण घरी जाऊ दिलं नाही.

वजनाचा काटा खाली उतरायचा थांबला. मग किंचित वर सरकला.

"काय करतेस गं?" नर्सबाईंनी विचारलं.

"त्या जेवतात," धाकटी म्हणाली, "आणि मी बोलणी खाते."

तो दिवस

खोटी संपत आल्या होत्या. राहिलं होतं एक खारट. त्या सकाळी तिने नेहमीसारखा डबा आधी काढून घेतला, त्यात मीठ घातलं, जरा विचार करून आणखी घातलं, ढवळलं. आता कुणाकुणाचा उद्धार होणार या कल्पनेने तिला हसू येत होतं. हसता हसता हातांनी सवयीचं काम केलं. पिशवीला गाठ. पिशवी खुंटीला. डबा शेजारणीकडे.

आणि सेनापती ओरडले, "वाढा!"

परत गलक्यात

"पिशवी तर जागच्या जागी आहे," टेलरमास्तर ताट घेऊन पुढे आले. "मग आजचं मीठ गेलं कुठे? बाजारात?"

गलका एकदम बसला. सेनापतींनी धाकटीकडे पाहिलं. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाणार, आणि उद्यापासून डबा पुन्हा भरलेला येणार. गप्प बसावं, तर चोर ठरणार.

ती गप्प बसली.

"कोण म्हणतं, बाजारात?"

दारात सासूबाई. एक हात भिंतीला, दुसऱ्यात डबा. सुनेला जाब विचारायला त्या कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या, आणि धाप लागली होती तरी आवाज खणखणीत.

"या मास्तर. घ्या. अहो, घ्या की!"

टेलरमास्तरांनी डब्यातला घास तोंडात टाकला. त्यांचे डोळे बाहेर आले. पाण्याच्या पिंपाकडे धावलेच ते.

"मिळालं मीठ?" सासूबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावाचं माझ्या डब्यात आहे. माझी सून चोर नाही. वेंधळी आहे!"

सगळे खो खो हसले. पोरं तर लोळायला लागली. सेनापती मात्र डोकं खाजवत होते.

"पण डबा तर ती रोज आधी काढते," ते म्हणाले. "पातेल्यात मीठ पडायच्या आधी. डब्यात वेगळं घालायचं कारण काय?"

सासूबाईंनी मान वळवली.

"रोज आधी?"

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते करपलेलं?"

"मी खरवडलं होतं, आई."

"आणि पातळ?"

"पाणी मी घातलं."

"कच्चं पण?"

"तुम्ही चिडलात की खाता," धाकटीचा आवाज चिरकला. "मी दुसरं काय करणार होते?"

कुणी हसलं नाही. आता सासूबाई डबा इथेच ठेवून निघून जाणार, धाकटीला वाटलं. संपलं सगळं.

"अगं बये," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापायी एवढ्या लोकांचा घास अळणी केलास?"

"चुकलं, आई."

"चुकलं काय! मी घरी बसून राहिले तर तू उद्या यांना उपाशी ठेवशील. मला इथेच यायला पाहिजे तुझ्यावर लक्ष ठेवायला. मास्तर, सरका जरा."

टेलरमास्तरांच्या खांद्याचा आधार घेत त्या ओळीत बसल्या. सेनापतींनी झारा उचलला.

"तुम्ही नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिला वाढू द्या."

धाकटीने वाढलं. सासूबाईंनी त्या अळणी ढिगावर आपला खारट डबा उपडा केला, बोटांनी दोन्ही नीट कालवलं आणि घास घेतला. धाकटी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसरा घास घेतला.

मग मान वर केली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पातेल्यात मीठ घाल. पोरं खोळंबलीत."

धाकटीने पिशवी खाली काढली, पण गाठ काही सुटेना. डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं.

"दाताने ओढ," सासूबाई घास चावत म्हणाल्या.