देव्हाऱ्यातले म्हाराज

मी एक जुनी तसबीर आहे. तळहातात मावेन एवढीशी, पण आहे मात्र राजाची! मित्रांनो, तेवढा तोरा मला असायचाच.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक छोटंसं संस्थान होतं. तिथल्या राजांना स्वतःच्या तसबिरी काढून घ्यायची भारी हौस. चितारी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घ्यायचा आणि बाभळीच्या डिंकात कालवलेले रंग कागदावर चढवायचा. प्रत्येक तसबिरीत राजांचे गाल कसे लोण्यासारखे गुळगुळीत! खरं तर लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या, तोंडभर वण होते. पण ते काढायची कोणाची छाती?

माझ्या वेळी मात्र राजे म्हणाले, "ही नत्थुजीला द्यायची आहे. त्याच्यापुढे कसली लपवाछपवी? आहे तसा काढ." नत्थुजी म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. देवी आल्या तेव्हा सगळे लांब पळाले आणि हा एकटा उशाशी बसून होता. मग चिताऱ्यानं रंगाचे बारीक ठिपके जरा उंच ठेवून एकेक वण टिपला. दरबारातल्या माझ्या त्या गुळगुळीत बहिणी कुठे गेल्या, देव जाणे. राजांचा खरा चेहरा आता माझ्याजवळच आहे.

पुढे नत्थुजीचे वंशज अंजनगाव सुर्जीला शेती करू लागले. मी कशी कोण जाणे, थेट देव्हाऱ्यात पोचले, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी. हे आपलेच खापरपणजोबा, अशी सगळ्यांची समजूत; राजबिंडा थाट बघून म्हणायचे मात्र 'म्हाराज'. कौशल्याबाई, आताची घरधनीण, रोज माझ्या कपाळाला कुंकू लावायची आणि गालावरून अलगद बोट फिरवायची. "लई सोसलं असन बापा तुमी," म्हणायची. कुंकवानं माझं कपाळ पार झाकून गेलं होतं. तरी खरं सांगते, त्या बोटाची मी रोज वाट बघायचे.

यंदाच्या आखाजीला मात्र घात होता होता राहिला. आखाजी म्हणजे पूर्वजांच्या पूजेचा सण. एरवी कौशल्याबाई मला कोरड्या फडक्यानं पुसून बाजूला ठेवायची. यंदा तिला वाटलं, कुंकवाचे थर साचलेत, म्हाराजांनाही आंघोळ घालावी. तिनं मला टाकांबरोबर ताम्हनात ठेवलं आणि पाण्याची लोटी उचलली. अगं बाई, माझे रंग डिंकातले! पाणी लागलं की संपलं सगळं. पण तसबिरीला ओरडता येतं होय?

तेवढ्यात पुरणाचे हात तसेच घेऊन आरती धावत आली. आरती ही घरातली नवी सून, शाळेत चित्रकला शिकवते.

"आई, थांबा! पाणी नका टाकू!"

"कावून वं? सणाच्या दिवशी मले अडवून राहिली तू?"

"हे पाण्याचे रंग आहेत, आई. म्हाराजाचा चेहराच धुऊन जाईन!"

लोटी थांबली, पण एक थेंब पडलाच. माझ्या कानातला मोती विरघळून गेला. ते पाहून कौशल्याबाईनं लोटी खाली ठेवली. "माह्याच हातानं गेले असते वं म्हाराज," म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मला तिचा राग येईना. मोती गेला तर गेला, वण शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी आरतीनं मऊ, कोरड्या कुंचल्यानं कुंकू हळूहळू झाडलं आणि मला काचेच्या चौकटीत बसवलं. मित्रांनो, तुमच्याही घरी असं जुनं चित्र असेल तर त्याला पाणी, तेल, कुंकू लावू नका. आणि काचेआड ठेवलं म्हणून त्याच्याकडे बघायचं सोडू नका, एवढं ऐका माझं.

काल कौशल्याबाईनं काचेवरच कुंकू लावलं, सवयीनं गालावरून बोट फिरवलं आणि दचकली. "आरती, म्हाराजाचा गाल गुळगुळीत लागून राहिला वं! वण गेले का काय?"

"बोटानं नाही लागणार आता, आई. डोळ्यानं बघा."

तिनं चष्मा लावला. नाक काचेला टेकेपर्यंत जवळ आली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आहेत," ती म्हणाली. "आहेत बापा, सगळे आहेत."